मोबाइल म्हणतो ‘ठोके अनियमित’. आता आबांना न्यायचं कुठं?

दिवाळीला चाकणहून गावी आलेला मुलगा जेवणं झाल्यावर ओसरीवर मोबाइल काढतो. “आबा, बोट द्या इकडं.” आबांचं बोट मागच्या कॅमेऱ्यावर, फ्लॅश चालू, मिनिटभर सगळे गप्प. स्क्रीनवर लाल पट्टी येते, तीही इंग्रजीत. मुलगा वाचून सांगतो, ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना भेटा. मग चर्चा सुरू होते. सून म्हणते, काल फराळ जास्त झाला, गॅस असेल. शेजारचे म्हणतात, मोबाइलला काय कळतंय? आबा म्हणतात, मला काही होत नाही. मुलाची सुट्टी संपते, तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी आबा कांद्याला पाणी धरायला शेतात.

असा प्रसंग आता कुठल्याही वाडीत घडू शकतो. नाडी तपासणारी अ‍ॅप मोबाइलवर मिळतात, मनगटावरची घड्याळं ठोके मोजतात, आणि ‘बोट ठेवा, हृदय तपासा’ अशा जाहिराती फेसबुक उघडलं की समोर येतात. अ‍ॅप खरं की खोटं यावर आपण वाद घालत बसतो. पण त्यापेक्षा मोठा प्रश्न पुढचा आहे. इशारा आल्यावर कागदावरचा ईसीजी निघतो का? आणि त्यात दोष सापडला तर योग्य गोळी रोज, न चुकता पोटात जाते का? या दोन गोष्टी झाल्या तरच अ‍ॅपचा उपयोग. नाहीतर घरात नुसती धास्ती, नाहीतर खोटा दिलासा.

‘अंगावरून वारं गेलं’, त्यामागचं एक कारण

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर, दोन खाली. वरचे कप्पे आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात, खालचे ते फुप्फुसांत आणि सगळ्या शरीरात पाठवतात. वय वाढलं, बीपी बरीच वर्षं चढं राहिलं, झडप खराब झाली किंवा थायरॉइड बिघडलं, की काही जणांचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत. ते नुसते थरथरतात. नाडी बेताल होते. याला डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात, थोडक्यात ‘एएफ’.

यातला धोका कुठं आहे ते समजून घ्या. पाटातलं पाणी एका कोपऱ्यात थांबलं की तिथं गाळ बसतो. तसंच वरच्या डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. कप्पा नुसता थरथरत राहिला की तिथं रक्त साचतं आणि गुठळी होते. ही गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. गावात आपण म्हणतो, लकवा मारला, अंगावरून वारं गेलं. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. आणि या कारणानं आलेला झटका बहुतेक वेळा मोठा असतो, माणूस अंथरुणाला खिळतो.

अवघड भाग असा की बऱ्याच जणांना आधी काहीच जाणवत नाही. काहींना धडधडतं, दम लागतो, थकवा येतो. पण “वयोमानानं होतंच” म्हणून ते सोडून देतात. पहिल्यांदा कळतं ते थेट तोंड वाकडं झाल्यावर. उलट, वेळेत सापडलं आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी नीट चालू राहिली, तर असे झटके साधारण तीनपैकी दोन टळतात. म्हणून तर लवकर शोधायची ही सगळी धडपड चालू आहे.

अ‍ॅप नक्की बघतं काय?

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातींत त्या एकत्र कालवल्या जातात.

पहिली, कॅमेऱ्यावर बोट ठेवायची पद्धत. फ्लॅशचा उजेड बोटातून जातो. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची लाट येते आणि उजेड किंचित कमी-जास्त होतो. कॅमेरा तो फरक टिपतो, अ‍ॅप दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. अंतर सारखं असेल तर ठीक, वेडंवाकडं असेल तर इशारा. म्हणजे अ‍ॅप फक्त नाडी बघतं, हृदय नाही. बेल्जियमचं ‘फिब्रिचेक’ आणि जर्मनीचं ‘प्रिव्हेंटिकस’ ही या पद्धतीची, अभ्यासातून तावून निघालेली अ‍ॅप.

दुसरी, ईसीजी घेणारी छोटी पट्टी किंवा घड्याळ. त्यात धातूच्या जागी दोन्ही हातांची बोटं टेकवायची आणि अर्धा मिनिट शांत बसायचं. हृदयातल्या विजेची एक रेघ मोबाइलवर उमटते. दवाखान्यातल्या ईसीजीत अशा बारा रेघा असतात, इथं एकच. तरी ती रेघ डॉक्टरांना वाचता येते, म्हणून हिचं वजन पहिल्या पद्धतीपेक्षा जास्त.

दोन्हीचा एक नियम पक्का लक्षात ठेवा. ही साधनं हार्ट अटॅक ओळखत नाहीत. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ जातेय, अशा वेळी अ‍ॅप उघडण्यात एक मिनिटही घालवू नका. थेट १०८ लावा. अ‍ॅपनं ‘नॉर्मल’ दाखवलं म्हणून अटॅक नाही, असं अजिबात होत नाही.

आणंदच्या खेड्यांत काय करून पाहिलं

हे सगळं परदेशात ठीक, आपल्या खेड्यांत कसं जमणार, असं वाटेल. पण शेजारच्या गुजरातमध्ये हे झालं आहे. अमूलमुळे आपल्याला माहीत असलेला आणंद जिल्हा. तिथल्या करमसदच्या श्रीकृष्ण हॉस्पिटलशी जोडलेल्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डॉक्टरांसोबत, मोबाइलला जोडायच्या ईसीजी पट्टीनं गावोगाव तपासणी केली. मध्यमवयीन आणि वयस्कर अशी सुमारे दोन हजार माणसं तपासली. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड टक्क्यापेक्षा थोड्या जास्त लोकांमध्ये एएफ सापडला, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. म्हणजे दोन हजारांत तीसेक माणसं.

या कामातून दोन धडे मिळतात. एक, गावातली प्रशिक्षित बाई किंवा माणूस हे काम करू शकतो, त्यासाठी गावात हार्ट स्पेशालिस्ट बसवावा लागत नाही. दोन, ती तपासणी दवाखान्याशी जोडलेली होती. रेघ डॉक्टरांच्या नजरेखालून जात होती. अ‍ॅप एकटं सोडलेलं नव्हतं. आपल्या ओसरीवरच्या प्रसंगात नेमकी हीच दुसरी गोष्ट नाही.

जास्त सापडतं, पण झटके किती टळतात?

जर्मनीत बव्हेरियातल्या एका विमा कंपनीच्या ५० ते ९० वयाच्या साडेपाच हजार ग्राहकांवर प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे मोबाइलच्या कॅमेऱ्यावर नाडी तपासली, अर्ध्यांची नेहमीसारखी देखभाल चालू राहिली. सहा महिन्यांत, उपचार करण्याजोगा एएफ अ‍ॅपवाल्या गटात दुपटीहून जास्त जणांत सापडला. पण तिथंही अ‍ॅपच्या शब्दावर कुणाला गोळी दिली नाही. इशारा आला की त्या माणसाला घरी ईसीजीचं यंत्र पाठवलं, १४ दिवस लावायला सांगितलं आणि मगच निदान ठरवलं.

सापडणं आणि वाचणं यांत मात्र फरक आहे. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना बोलावून दोन आठवडे रोज हातात धरायच्या ईसीजीनं तपासलं आणि पुढं जवळपास सात वर्षं लक्ष ठेवलं. पक्षाघात, मोठा रक्तस्राव, मृत्यू हे सगळं धरून फायदा दिसला, पण अगदी थोडा. बोलावलेल्यांतले निम्मेच तपासणीला आले, हेही त्यामागचं एक कारण. डेन्मार्कमध्ये छातीच्या त्वचेखाली छोटं यंत्र बसवून सतत नोंद ठेवली. एएफ जवळपास तिप्पट लोकांत सापडला, पण पक्षाघात खात्रीनं कमी झाले असं म्हणता आलं नाही. हे दोन्ही निकाल २०२१ चे.

म्हणूनच या विषयावर तज्ज्ञांचं एकमत नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की ६५ च्या वरचा माणूस दवाखान्यात कशासाठीही आला तर त्याची नाडी किंवा ईसीजी बघून घ्या. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०२२ मध्ये सांगितलं की कसलाही त्रास नसलेल्या माणसांची अशी सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. मोबाइलच्या जाहिरातीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

हजार म्हाताऱ्यांचा हिशोब

आता एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा तालुक्यातल्या ६५ च्या वरच्या १००० लोकांना अ‍ॅप लावलं. त्यातल्या २० जणांना खरंच एएफ आहे. अ‍ॅप चांगलं आहे, शंभरात ९५ वेळा बरोबर सांगतं. म्हणजे २० पैकी १९ सापडले, एक निसटला. छान. पण उरलेले ९८० निरोगी आहेत. त्यांच्यातही शंभरामागे पाच जणांना अ‍ॅप चुकून इशारा देणार. ते झाले ४९. एकूण इशारे ६८, त्यातले खरे १९. म्हणजे दर चार इशाऱ्यांत जेमतेम एक खरा.

नाडी बेताल दिसायला दुसरी कारणंही असतात. बऱ्याच जणांना मधूनच एखादा जादाचा ठोका पडतो, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. थंडीनं बोटं गार पडलेली, हात कापतोय, बोट जास्त दाबलं, मोजताना बोलत होते, तरी रीडिंग बिघडतं.

चुकलेल्या इशाऱ्याची किंमत गरीब घराला जास्त पडते. तालुक्याला जायचं म्हणजे एकाची मजुरी बुडाली, सोबत जाणाऱ्याची बुडाली, गाडीभाडं गेलं, आणि रात्रभर झोप नाही ती वेगळीच. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर निसटलेल्या एका माणसाला झटका आला की घरातली एक बाई पुढची कित्येक वर्षं त्याच्या सेवेत अडकते. म्हणून इशारा झटकून टाकायचा नाही आणि त्यावर विश्वास ठेवून घाबरायचंही नाही. तपासून घ्यायचं, आणि जवळ, स्वस्तात तपासून घ्यायचं.

भूलथापांची अ‍ॅप

सगळीच अ‍ॅप अभ्यासातून आलेली नसतात. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं अ‍ॅप खूप विकलं गेलं. कॅमेऱ्यावर बोट, मोबाइल छातीला लावायचा, की बीपी समजतं, असा दावा. २०१६ मध्ये संशोधकांनी ते तपासलं तेव्हा बीपी वाढलेल्या दर दहा लोकांत जवळपास आठ जणांना ते ‘बीपी ठीक’ असं सांगत होतं. तिथल्या सरकारी यंत्रणेनं नंतर कंपनीवर कारवाई केली. तोवर किती जणांनी त्या भरवशावर गोळी सोडली असेल, कोण जाणे.

धडा सरळ आहे. नुसत्या बोटानं बीपी, शुगर, ऑक्सिजन, हृदय असं सगळं सांगतो म्हणणारं अ‍ॅप काढून टाका. नाडी तपासायच्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो कशाला हवेत? मागत असेल तर देऊ नका.

आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं

युरोपातला एएफचा रुग्ण म्हणजे बहुतेक सत्तरीतला माणूस. आपल्या देशात २४ केंद्रांवर दीड हजारांहून जास्त एएफ रुग्णांची नोंद झाली, तेव्हा त्यांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं. जवळपास निम्म्यांच्या मुळाशी खराब झालेली झडप होती. लहानपणी घसा बसून ताप येतो, सांधे सुजतात, उपचार अर्धवट राहतात, आणि वीस-तीस वर्षांनी हृदयाची झडप आक्रसते. हा गरिबीचा, दाटीवाटीच्या घरांचा आजार. म्हणून चाळिशीतल्या बाईला जिना चढताना दम लागत असेल आणि नाडी बेताल असेल, तर “ही काय म्हातारी आहे का?” म्हणून टाळू नका.

इथं गोळीचाही प्रश्न येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दोन तऱ्हेच्या. जुन्या, म्हणजे वॉरफेरिन, एसिट्रॉम. त्या घेताना रक्त किती पातळ झालंय हे पीटी-आयएनआर तपासणीनं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. नव्या, म्हणजे एपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान. त्यांना ती तपासणी लागत नाही, आणि आता जेनेरिक आल्यानं त्या पूर्वीपेक्षा स्वस्तही झाल्या आहेत. पण आक्रसलेल्या झडपेच्या रुग्णांवर अनेक देशांत, आपल्याकडेही, अभ्यास झाला, त्यात २०२२ मध्ये जुन्या गोळीचाच गट सरस ठरला. म्हणजे शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही. कुठली गोळी, घ्यायची की नाही, हे वय, बीपी, शुगर, आधीचा झटका, झडपेची स्थिती हे सगळं बघून डॉक्टरच ठरवतात.

आणि गोळी चालू असताना गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून खाल्ली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नुसती ‘रक्त पातळ करायची’ म्हणून ॲस्पिरिन घेणं हा एएफवरचा पर्याय नाही.

इशारा आला तर एवढं करा

१. पाच मिनिटं शांत बसा. नुकताच चहा, तंबाखू झाली असेल तर अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळीही मोजा.

२. हातानं नाडी बघा. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. ठोके घड्याळासारखे एका लयीत आहेत, की पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून थेंब पडावेत तसे, कधी लागोपाठ, कधी थांबून? याला इंटरनेट लागत नाही.

३. घरात किंवा उपकेंद्रात डिजिटल बीपी मशीन असेल तर बघा. काही मशीन ठोके अनियमित असले की स्क्रीनवर खूण दाखवतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१३ मध्येच अशा एका बीपी मशीनची एएफसाठी शिफारस केली होती.

४. पुन्हा बेताल वाटलं तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. मोबाइलवरच्या रेघेचा स्क्रीनशॉट सोबत न्या, तारीख-वेळेसह.

५. ईसीजी साधा आला तरी डॉक्टरांना सगळं सांगा. एएफ येतो-जातो. गरज वाटली तर ते चोवीस तासांचा ईसीजी करायला सांगतील.

६. दम लागतोय, चक्कर येतेय, शुद्ध हरपतेय, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जा. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, असं काही झालं तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. तेल चोळण्यात आणि अंगारा लावण्यात तो वेळ जाऊ देऊ नका.

मागणी कशाची करायची?

तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, शुगर आणि काही कॅन्सर तपासायची सरकारी मोहीम गावोगाव चालू आहे. आशाताई घरी फॉर्म भरतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बीपी बघतात. ज्या हातानं बीपीचा पट्टा बांधला जातो, त्याच हाताची नाडी आणखी एक मिनिट धरली, तर खर्च शून्य. साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या कार्डावर बीपीच्या शेजारी ‘नाडी : लयीत / बेताल’ असा एक रकाना असावा. बेताल निघालेल्याला ईसीजीसाठी कुठल्या वारी, कुठं जायचं, हे त्याच कागदावर लिहून मिळावं. पीटी-आयएनआर तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि गोळी दर महिन्याला जवळच्या केंद्रावर मिळावी. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

बीपीची गोळी मधेच सोडू नये, हे तर वेगळं सांगायलाच नको. चढं बीपी हेच एएफचं आणि पक्षाघाताचं सगळ्यात मोठं मूळ आहे, आणि ते तपासायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

तर चाकणच्या मुलांनो, पुढच्या सुट्टीत आबांचं बोट कॅमेऱ्यावर जरूर ठेवा. फक्त लाल पट्टी आली तर परतीची गाडी पकडायच्या आधी एक दिवस काढा, आबांना गाडीवर बसवा आणि तालुक्याला ईसीजी काढून आणा.